उत्तर नॉर्वेतील केल्पवने आणि सी अर्चिन: अभ्यासाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: भरतीओहोटी

नमस्कार. मी रत्नागिरीत सागरी जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकत असून माझा प्रकल्प कोकण किनाऱ्यावरील सरगॅसम या समुद्रशैवालाच्या हंगामी वाढीवर आहे. पुढील संशोधन थंड समुद्रातील केल्पवनांवर (केल्प म्हणजे खडकाला धरून वाढणारी मोठी तपकिरी समुद्रशैवाले), त्यातही उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर करावे अशी माझी इच्छा आहे. भारताच्या किनाऱ्यावर केल्पवने नसल्यामुळे या विषयातील माझी सर्व माहिती केवळ वाचनातून आलेली आहे, आणि त्या वाचनातून निर्माण झालेल्या काही शंका येथे मांडते.

बहुतेक पुस्तकांत एकच मांडणी आढळते. समुद्री ऊदमांजर सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोल कवचाचे समुद्री प्राणी, खाते, सी अर्चिन केल्प खातात, म्हणून ऊदमांजरे नाहीशी झाली की अर्चिन बेसुमार वाढतात आणि वन उजाड होते. नॉर्वेतही १९७० च्या दशकापासून अर्चिनांनी मोठा किनारा उजाड केला आणि आता दक्षिणेकडून वन हळूहळू परत येत आहे, असे मी वाचले. मग तेथे ऊदमांजराचे काम कोण करीत होते, आणि वन परत येण्याचे श्रेय भक्षकांना द्यावे की पाण्याच्या तापमानाला? याशिवाय, जे वन पाण्याच्या पृष्ठभागावरून दिसतच नाही त्याची मोजणी कशी करतात, आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर मिळवलेला अनुभव तेथे काही उपयोगाचा ठरतो का, हेही जाणून घ्यावयाचे आहे. मी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले आहे. थंड पाण्यात मात्र कधीही उतरलेली नाही.

प्रतिसाद: उत्तरकिनारा

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर विस्ताराने देतो, कारण या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या बहुतेकांच्या मनात ऊदमांजराची मांडणी आधीच पक्की झालेली असते आणि नॉर्वेचा किनारा तिच्यात बसत नाही.

ती मांडणी उत्तर पॅसिफिकमधली आहे. जेम्स एस्टिस आणि जॉन पामिसानो यांनी १९७४ साली अल्युशियन बेटांची तुलना प्रसिद्ध केली. फरच्या व्यापारासाठी झालेल्या शिकारीनंतर जेथे ऊदमांजरे पुन्हा वाढली होती त्या बेटांभोवती दाट केल्प होता, आणि जेथे ती नव्हती तेथे अर्चिनांनी भरलेला बोडका खडक होता. तेथील निष्कर्ष भक्कम आहे. परंतु ते समुद्री ऊदमांजर अटलांटिकमध्ये आढळतच नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर दिसणारे ऊदमांजर ही युरेशियन जात असून ती मुख्यतः माशांवर जगते, त्यामुळे अर्चिनांवर अंकुश ठेवणारा प्राणी म्हणून तिचा विचार करण्याचे कारण नाही.

नॉर्वेत वन उभे करणारी मुख्य जात लॅमिनेरिया हायपरबोरिया. खडकाला घट्ट धरणारा बुंधा, त्यावर मीटर-दोन मीटर उंच, ताठ व खरखरीत दांडा आणि टोकाला लांबट पट्ट्यांत फाटलेले रुंद पाते अशी तिची रचना असते. लाटांचा मारा असलेल्या किनाऱ्यावर, पाणी स्वच्छ असल्यास, ती सुमारे ३० मीटर खोलीपर्यंत वाढते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून मध्य नॉर्वेतील ट्रोंडेलागपासून थेट रशियाच्या सीमेपर्यंत हिरव्या सी अर्चिनाने आडोशाच्या आणि मध्यम लाटांच्या भागांतील हे वन खाऊन टाकले. उजाड झालेल्या क्षेत्राचा अंदाज सुमारे २,००० चौरस किलोमीटर असा दिला जातो. बाहेरच्या किनाऱ्यावर, जेथे लाटा सतत आदळतात आणि अर्चिनांना खडकावर स्थिर राहून चरता येत नाही, तेथे वन टिकून राहिले. अर्चिनांची ही वाढ मुळात कशामुळे झाली यावर संशोधकांचे एकमत नाही. किनारी कॉड व इतर अर्चिनभक्षक माशांची घट हे एक कारण वारंवार पुढे केले जाते.

उजाड झालेला प्रदेश दशकानुदशके तसाच राहतो याचे कारण मात्र स्पष्ट आहे. केल्प संपला म्हणून अर्चिन मरत नाहीत. खडकावरील गुलाबी चुनखडीयुक्त शैवालाचा थर आणि प्रवाहाबरोबर येणारे तुकडे एवढ्यावर ते वर्षानुवर्षे तग धरतात, आणि केल्पचे कोवळे रोप दिसू लागताच ते खरवडून टाकतात. म्हणजे वन नष्ट होण्यासाठी अर्चिनांची जितकी दाटी लागते, त्याहून पुष्कळ कमी अर्चिन ते परत येऊ न देण्यास पुरेसे होतात.

वनाचे परतणे उजाड पट्ट्याच्या दक्षिण टोकाकडून, म्हणजे मध्य नॉर्वेतून सुरू झाले आणि त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. हिरवा अर्चिन थंड पाण्यातला प्राणी आहे. पाणी सुमारे १० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्याच्या अळ्यांची वाढ व टिकाव खालावतो, त्यामुळे मध्य नॉर्वेत अर्चिनांच्या नव्या पिढीची भर घटली. त्याच काळात कॅन्सर पॅग्युरस हा मोठा तपकिरी खेकडा उत्तरेकडे पसरला, आणि तो अर्चिन खातो. अगदी उत्तरेला, फिनमार्कमध्ये, हेच काम वेगळा प्राणी करतो. तो म्हणजे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात बॅरेंट्स समुद्रात आणून सोडलेला आणि तेथून पश्चिमेकडे पसरत नॉर्वेत पोहोचलेला लाल किंग क्रॅब. तेव्हा भक्षक की तापमान, असा निवाडा करता येत नाही. मध्य नॉर्वेत तापमानानेच भक्ष्याची पुढील पिढी रोडावली आणि भक्षकाला वाट करून दिली. फिनमार्कमध्ये भक्षक माणसाने आणलेला आहे आणि पाणी अद्याप अर्चिनांना मानवणारे आहे.

यावरून तापमानवाढ केल्पला हितकारक आहे असा अर्थ कृपया काढू नये. त्याच देशाच्या दक्षिणेला, स्कागेराकच्या किनाऱ्यावर, सॅकॅरिना लॅटिसिमा म्हणजे शुगर केल्प मोठ्या क्षेत्रातून नाहीसा झाल्याचे २००२ च्या सुमारास लक्षात आले. त्याची जागा गाळ धरून ठेवणाऱ्या, धाग्यांसारख्या अल्पायुषी शैवालांनी घेतली. त्या गाळाच्या थरावर केल्पच्या बीजाणूंना खडक सापडत नाही, म्हणून वन परत येण्याची वाट बंद होते. तेथे अर्चिनांचा काही संबंध नव्हता. उष्ण उन्हाळे आणि जमिनीवरून वाहून येणारी पोषकद्रव्ये व गाळ ही कारणे मानली जातात.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, आपला प्रस्ताव “नॉर्वेत ऊदमांजराचे काम कोण करते” या प्रश्नावर उभा करू नये. एक फ्योर्ड (डोंगरांत शिरलेली अरुंद, खोल समुद्री खाडी) निवडावा आणि तेथील अर्चिनांच्या आयुष्यातील कोणता टप्पा अडखळतो आहे, म्हणजे अळी, खडकावर नुकतेच उतरलेले पिल्लू की प्रौढ, हे विचारावे. एका किनाऱ्याचे कारण दुसऱ्या किनाऱ्यावर लादल्याने या विषयाचे पुष्कळ नुकसान झाले आहे.

प्रतिसाद: पाण्याखालचे_वन

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु नॉर्वेच्या केल्पवनांचा विचार करताना केवळ अर्चिनांवर थांबणे अपुरे वाटते. नैऋत्येकडील रोगालांडपासून ट्रोंडेलागपर्यंतच्या किनाऱ्यावर लॅमिनेरिया हायपरबोरियाची यांत्रिक कापणी होते. बोटीमागे ओढलेल्या दातेरी सांगाड्याने केल्प उपटला जातो आणि त्यापासून अल्जिनेट (अन्न, औषधे इत्यादींत दाटपणा आणणारा पदार्थ) काढले जाते. वर्षाला साधारण दीड लाख टन इतकी ही कापणी असून कापलेल्या पट्ट्याला पुढील कापणीपूर्वी सुमारे ५ वर्षांची विश्रांती दिली जाते. या अवधीत केल्पची उंची बऱ्याच अंशी भरून येते, हे खरे. पण दांड्यावर वाढणारी लाल शैवाले आणि बुंध्यातील प्राणी इतक्या काळात पूर्वपदाला येत नाहीत, आणि नुकत्याच कापलेल्या भागात कॉडवर्गीय माशांची पिल्ले फारच कमी आढळली आहेत. वन म्हणजे केवळ केल्पचे वजन, असे धरून व्यवस्थापन केले की नेमके हे नजरेआड होते, आणि ते मला गंभीर वाटते.

हे सांगण्याचे कारण आपल्या मोजणीच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. कॅलिफोर्नियाचा मॅक्रोसिस्टिस हा केल्प पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतो, म्हणून लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून १९८० च्या दशकापासूनचा त्याचा पसारा मोजता आला आहे. नॉर्वेतील केल्प पृष्ठभागापर्यंत येत नाही, त्यामुळे ती सोय तेथे जवळजवळ नाहीच. बोटीवरून दोरीने सोडलेला कॅमेरा, दूरनियंत्रित पाणबुडे यंत्र आणि स्वतः पाण्याखाली उतरणारा पाणबुड्या (डायव्हर) ही तीन साधने मुख्य आहेत. कॅमेऱ्याने एका दिवसात अनेक ठिकाणे पाहून होतात, आणि खोली, उतार, लाटांचा मारा, तळाचा प्रकार यांच्याशी त्या नोंदी जोडून संपूर्ण किनाऱ्याचा संभाव्य नकाशा सांख्यिकी पद्धतीने तयार करता येतो. मात्र कॅमेऱ्याला पानांचे छत दिसते, छताखाली काय आहे ते दिसत नाही.

तेथे पाणबुड्याला पर्याय नाही. ठरावीक खोलीवर चौकट ठेवून छतातील प्रौढ केल्प, त्यांच्या सावलीत थांबलेले मधले आणि तळाशी असलेली पिल्ले वेगवेगळी मोजावी लागतात, कारण वादळाने किंवा कापणीने छत मोडल्यावर वन किती लवकर उभे राहील हे या सावलीतील पिल्लांवरच ठरते. दांड्याच्या आडव्या छेदात वाढीची वलये दिसतात आणि त्यांवरून वय काढता येते. पंधरा वर्षांहून अधिक वयाचे केल्प असामान्य नाहीत. शुगर केल्पसाठी पात्याच्या बुडापासून १० सेंटीमीटरवर लहान छिद्र पाडून ठेवतात. पाते बुडाकडून वाढत असल्यामुळे ते छिद्र टोकाकडे सरकत जाते आणि काही आठवड्यांनी झालेले अंतर मोजले की वाढ कळते. साधन साधे आहे, पण पुढच्या खेपेला तेच केल्प सापडावे यासाठी खुणांची पट्टी काळजीपूर्वक बांधावी लागते.

प्राण्यांची गणना हा याहून वेळखाऊ भाग आहे. केल्प कापण्यापूर्वी त्याच्यावर कापडी पिशवी चढवून तोंड आवळावे लागते, कारण हात लागताच बारीक कवचधारी प्राणी पोहून निघून जातात. पाते, दांडा आणि बुंधा यांच्या पिशव्या स्वतंत्र ठेवतात. नॉर्वेच्या किनाऱ्यावर अशा प्रकारे झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३८ जातींचे प्राणी नोंदले गेले आणि एका केल्पवर सरासरी सुमारे ८,००० प्राणी आढळले. यातील बहुसंख्य प्राणी गुळगुळीत पात्यावर नव्हे, तर दांड्यावरील लाल शैवालांच्या झुबक्यांत आणि बुंध्याच्या फटींत असतात. कापणीनंतर जे सर्वांत उशिरा परत येते तेच माशांच्या पिल्लांचे अन्नघर आहे, हे एकदा लक्षात आले की पाच वर्षांच्या विश्रांतीचा हिशोब वेगळा दिसू लागतो.

प्रतिसाद: झुआरीकाठ

मी गोव्यात ध्रुवीय समुद्राच्या नमुन्यांवर काम केलेले आहे, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो.

उत्तर ध्रुवप्रदेशाशी आपला संबंध केवळ पुस्तकी राहिलेला नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहातील न्यू ओलसुंड येथे १ जुलै २००८ रोजी भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याचे काम वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. समोरच्या काँग्सफ्योर्डमध्ये २०१४ साली इंडआर्क ही पाण्याखालील वेधशाळा बसवण्यात आली. याच फ्योर्डमध्ये हान्सनेसेट नावाची जागा आहे, जेथील केल्पची खोलीनिहाय मोजणी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली आणि २०१२ ते २०१४ या काळात पुन्हा करण्यात आली. उथळ पाण्यात, जेथे पूर्वी बर्फ खडक खरवडून काढीत असे, तेथे केल्पचे वस्तुमान अनेक पटींनी वाढले होते. उलट खोल बाजूची मर्यादा वर सरकली होती, कारण वितळणाऱ्या हिमनद्यांचा गाळ पाणी गढूळ करतो आणि प्रकाश खाली पोहोचत नाही. एकच मोजणी झाली असती तर यातले काहीही कळले नसते. तुम्ही जेथे जाल तेथे जुनी मोजणी उपलब्ध आहे का, हे प्रथम पाहा आणि शक्य तितक्या त्याच जागी, त्याच खोलीवर, त्याच पद्धतीने काम करा. नवी जागा शोधण्याच्या मोहापेक्षा हे काम मला अधिक मोलाचे वाटते.

सरगॅसमवरील तुमचे काम उपयोगी आहेच. तीही तपकिरी शैवालेच आहेत. पावसाळ्यानंतरची त्यांची वाढ, प्रजननाचा काळ आणि नंतरची झड यांच्या नोंदी ठेवताना जी शिस्त लागते तीच तेथे लागते. ओहोटीच्या वेळी खडकावर चौकटी टाकून केलेली मोजणी आणि तिचे सांख्यिकी विश्लेषण हे कोणत्याही प्रयोगशाळेत समजणारे काम आहे. जाती ओळखण्याचा सराव वाढवा आणि जनुकीय ओळखीची पद्धतही शिकून घ्या. स्वालबार्डमध्ये लॅमिनेरिया डिजिटाटा आणि हेडोफायलम निग्रिपेस या दोन जाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की डीएनए तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही.

डायव्हिंगच्या बाबतीत स्पष्ट सांगतो. पर्यटकांसाठीचे प्रमाणपत्र तेथे संशोधनासाठी पुरेसे धरले जात नाही. युरोपात वैज्ञानिक डायव्हरचे स्वतंत्र प्रशिक्षण असते, ड्रायसूटमध्ये (पाणी आत शिरू न देणाऱ्या पोशाखात) काम करण्याचा सराव आवश्यक असतो, आणि नॉर्वेत कामानिमित्त होणाऱ्या डायव्हिंगला सुरक्षेचे कडक नियम आहेत. परंतु डायव्हिंग येत नाही म्हणून या विषयाचे दार बंद होत नाही. कॅमेऱ्यातील चित्रांचे वाचन, प्रयोगशाळेत बीजाणूंपासून केल्प वाढवून तापमानाचे प्रयोग करणे, अर्चिनांच्या जठरातील अन्न तपासणे, ही सर्व कामे किनाऱ्यावरची आहेत. नॉर्वेत पीएच.डी. ही पगारी नोकरी असते आणि तिच्या जाहिराती विद्यापीठांकडून ठरावीक विषयासह निघतात, हेही ध्यानात असू द्या. आपला विषय घेऊन जाण्यापेक्षा निघालेल्या विषयात आपला प्रश्न शोधावा लागतो.

भरतीओहोटी

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. ऊदमांजराचा प्रश्न मी प्रस्तावातून काढून टाकते आणि एका फ्योर्डमधील अर्चिनांच्या पिल्लांवर लक्ष केंद्रित करते. दोन शंका अजून उरतात. ट्रोम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. त्या काळात केल्पची वाढ थांबलेली असेल, तर हिवाळ्यातील नमुने घेण्याला काही अर्थ आहे का? आणि केल्पवने कार्बन साठवतात असे सर्वत्र लिहिले जाते; प्रस्तावात तो मुद्दा घालणे योग्य होईल का?

प्रतिसाद: उत्तरकिनारा

हिवाळा वगळू नये. केल्पचे वर्ष आपल्या अपेक्षेच्या उलट चालते. उन्हाळ्यात प्रकाश भरपूर असतो तेव्हा लॅमिनेरिया हायपरबोरिया अन्न तयार करून लॅमिनॅरिन व मॅनिटॉल या रूपांत साठवते, परंतु पाते वाढवीत नाही. त्या काळात पाण्यातील नायट्रेट सूक्ष्म वनस्पतिप्लवकांनी संपवलेले असते. नवे पाते हिवाळ्यात, साठवलेल्या अन्नावर आणि तेव्हा पाण्यात मुबलक असलेल्या नायट्रेटवर, दांडा व जुने पाते यांच्या सांध्यातून वाढू लागते आणि वसंतात जुने पाते गळून पडते. आर्क्टिकमधील लॅमिनेरिया सोलिडुंगुला ही जात तर वर्षभरातील बहुतांश वाढ बर्फाखालच्या अंधारात उरकते. अलास्काच्या बोफर्ट समुद्रात ते सविस्तर नोंदले गेले आहे. अर्चिनांच्या पिल्लांच्या दृष्टीनेही हिवाळा महत्त्वाचा आहे, कारण उन्हाळ्यात खडकावर उतरलेल्या पिल्लांपैकी किती जगली याचा हिशोब तेव्हाच लागतो. केवळ उन्हाळ्यात मोजले तर जन्म दिसतात, मृत्यू दिसत नाहीत.

कार्बनविषयी जपून लिहावे. केल्पवनाची उत्पादकता फार मोठी आहे यात शंका नाही, परंतु वाढ म्हणजे साठवण नव्हे. केल्पला जमिनीत रुजणारी मुळे नसतात आणि तो खडकावर वाढतो, त्यामुळे त्याच्याखाली खारफुटीसारखी कार्बनयुक्त माती साचत नाही. गळालेली पाती बहुतांशी खाल्ली जातात किंवा कुजतात. जी खोल पाण्यात पोहोचून गाळात पुरली जातात तेवढ्यांचाच कार्बन दीर्घकाळ वातावरणाबाहेर राहतो. ट्रोम्सोजवळच्या मालांगेन फ्योर्डमध्ये वसंतात गळालेली पाती सुमारे ४०० मीटर खोल तळापर्यंत पोहोचत असल्याचे दाखवले गेले आहे, आणि तेथील प्राण्यांना ती अन्न म्हणून मिळतात. हा दुवा स्वतःच अभ्यासण्याजोगा आहे. मात्र आपला विषय अर्चिनांचा असेल तर कार्बनचे एक वाक्य शोभेसाठी जोडू नये. परीक्षक ते लगेच ओळखतात आणि मुख्य प्रश्नावरचे त्यांचे लक्ष उडते.

एक व्यावहारिक सूचना. अर्चिन मोजताना केवळ संख्या नोंदवू नका, प्रत्येकाच्या कवचाचा व्यास मोजा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अर्चिन दगडांच्या फटींत आणि चुनखडी शैवालांच्या गुठळ्यांत दडलेले असतात व चौकटीवरून नुसती नजर फिरवणाऱ्याला ते दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक जागेवरून तळाचा थोडा भाग उचलून प्रयोगशाळेत चाळून पाहावा. मोठे अर्चिन भरपूर आणि लहान जवळजवळ नाहीत अशी जागा आढळली, तर आजचा खडक उजाड दिसत असला तरी तेथील अर्चिनांना वारस उरलेले नाहीत, आणि पुढील काही वर्षांत केल्प तेथे परततो का हे पाहण्यासाठी त्याच जागेवर पुन्हा जावे.